प्रॉप बेटचा भाव कसा वाचायचा

सामना कोण जिंकणार, किती फरकाने जिंकणार, दोघांचे मिळून किती गुण होणार, हे सोडून सामन्याच्या आतल्या एखाद्या गोष्टीवर लागणारी पैज म्हणजे प्रॉप बेट. अमुक फलंदाज २७.५ धावांच्या वर जाईल का, अमेरिकन फुटबॉलमधल्या क्वार्टरबॅकचे (पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूचे) पासिंग यार्ड २४९.५ च्या खाली राहतील का, पहिला गोल कोण करेल, सामना ओव्हरटाइममध्ये जाईल का. क्रिकेटच्या सट्ट्यात सेशन आणि फॅन्सी या नावांनी जे चालतं ते याच जातीचं. संघ हरला तरी तुमचा खेळाडू आकडा ओलांडू शकतो, आणि संघ दणदणीत जिंकला तरी तो बाकावर बसून राहू शकतो.

यातली गोम अशी की प्रश्न ओळखीचा वाटतो. या खेळाडूला आपण वर्षभर बघतोय, तो फॉर्मात आहे, समोरचा बचाव कच्चा आहे, मग वर जाणारच की! पण खेळाडू चांगला आहे हे बुकमेकरलाही (भाव ठरवून पैजा घेणाऱ्यालाही) ठाऊक असतं, आणि ते गृहीत धरूनच त्याने आकडा ठेवलेला असतो. तुम्हाला ठरवायचं असतं ते एवढंच: हा आकडा ओलांडण्याची शक्यता, समोर लिहिलेल्या भावाला परवडेल इतकी आहे का? खेळाचं ज्ञान यात लागतं, पण बऱ्याच उशिरा. त्याआधी थोडं अंकगणित आणि नियमांचं पान.

प्रॉपची हवा झाली ती २६ जानेवारी १९८६ च्या विसाव्या सुपर बोलपासून, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यापासून, असं मानतात. शिकागो बेअर्सचा विल्यम पेरी हा बचावफळीतला अगडबंब गडी, टोपणनाव 'रेफ्रिजरेटर'. तो टचडाउन करेल का (चेंडू समोरच्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन गुण मिळवेल का), यावर लास वेगासमध्ये भाव निघाला. सुरुवातीला भाव भरपूर होता. लोकांनी गंमत म्हणून पैसे लावत लावत तो खाली आणला, आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये पेरीने खरोखरच एका यार्डावरून चेंडू आत नेला. बेअर्स ४६-१० ने जिंकले. बुकमेकरना त्या पैजेत फटका बसला, पण सामना एकतर्फी झाला तरी लोकांचं लक्ष आणि पैसा अशा बारक्या प्रश्नांवर अडकून राहतो, हा धडा त्यांना त्याहून मोलाचा ठरला. पुढे १४ मे २०१८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ चा केंद्रीय बंदी कायदा रद्द केला, एकेका राज्यात मोबाइलवर बेटिंग सुरू झालं आणि एका सामन्याखाली शेकडो प्रॉप दिसू लागले. कायदा मात्र देशागणिक आणि अमेरिकेत राज्यागणिक वेगळा आहे. कुठे सगळं बंद, कुठे फक्त कॉलेज खेळाडूंवरचे प्रॉप बंद. पैसे लावण्याचा विचार असेल तर आपण जिथे आहोत तिथला कायदा आधी पाहावा.

भाव म्हणजे शक्यता, अधिक बुकमेकरचा वाटा

दशांश भाव वाचायला सगळ्यात सोपा. १.९१ म्हणजे १०० लावले आणि लागलं तर मुद्दलासकट १९१ परत. १ ला भावाने भागलं की ना नफा ना तोटा होण्यासाठी किती शक्यता लागते ते कळतं: १ ÷ १.९१ = ५२.४ टक्के. अमेरिकन पद्धतीत हाच भाव -११० असा लिहितात, म्हणजे १०० नफ्यासाठी ११० लावा. अधिकचं चिन्ह असेल तर उलट: +१५० म्हणजे १०० लावून १५० नफा, दशांशात २.५०.

आता दोन्ही बाजूंची बेरीज करा. सामन्याच्या मुख्य बाजारात सहसा १.९१ आणि १.९१ असतं. ५२.४ अधिक ५२.४, झाले १०४.८. शंभराच्या वरचे ते ४.८ म्हणजे बुकमेकरचा वाटा. खेळाडूंच्या प्रॉपमध्ये हाच भाव अनेकदा दोन्हीकडे १.८७ किंवा १.८३ असतो. १.८७ ला बेरीज १०७ पर्यंत जाते, १.८३ ला १०९ च्या वर. दोन्ही बाजूंना सारखे पैसे आले तर लागलेल्या रकमेतला सुमारे साडेसहा टक्के भाग पहिल्या प्रकारात बुकमेकरकडे राहतो आणि सव्वाआठ टक्क्यांच्या वर दुसऱ्यात. ४ शतांशांचा फरक डोळ्यांना किरकोळ दिसतो, पण कमाईच्या हिशेबात तोच सगळ्यात मोठा खर्च आहे.

भाव दोन्हीकडे सारखा नसेल तर बुकमेकरचं खरं मत काढता येतं. समजा ओव्हर (आकड्याच्या वर) १.७१ आणि अंडर (आकड्याच्या खाली) २.१० आहे. शक्यता ५८.५ आणि ४७.६, बेरीज १०६.१. प्रत्येकीला बेरजेने भागा: ओव्हर ५५.१, अंडर ४४.९. म्हणजे बुकमेकरच्या मते ओव्हर लागण्याची शक्यता ५५ टक्के आहे आणि तुम्हाला मात्र ती ५८.५ टक्क्यांच्या दराने विकली जातेय. मोठ्या भावांना ही सरळ भागाकाराची पद्धत थोडी फसवी ठरते, कारण बुकमेकर आपला वाटा दुबळ्या शक्यतांवर जास्त चढवतो. पण दोन बाजूंच्या, साधारण तुल्यबळ प्रॉपसाठी ती पुरते.

गंमत म्हणजे सुपर बोलमध्ये ज्याची सगळ्यात जास्त टिंगल होते तो नाणेफेकीचा प्रॉप याच हिशेबाने बऱ्याच 'अभ्यासू' प्रॉपपेक्षा स्वस्त पडतो. छापा आणि काटा दोन्हीला १.९५ भाव असेल तर दर १०० मागे सरासरी अडीच जातात. तिथे कोणालाच काही कळत नसल्यामुळे बुकमेकरला धोका नाही, म्हणून वाटा कमी. त्याला ज्या प्रॉपबद्दल स्वतःची खात्री नसते तिथे तो वाटा वाढवतो आणि पैजेची कमाल मर्यादा खाली आणतो.

सरासरी पाहाल तर फसाल

नव्याने प्रॉपकडे वळलेला माणूस खेळाडूची सरासरी काढतो, लाइनशी (बुकमेकरने ठेवलेल्या आकड्याशी) ताडून बघतो आणि सरासरी मोठी दिसली की ओव्हर घेतो. हे चुकतं, आणि त्याचं कारण शाळेतल्या संख्याशास्त्राच्या धड्यातच आहे.

एका रिसीव्हरचे (अमेरिकन फुटबॉलमध्ये पास झेलणाऱ्याचे) दहा सामन्यांतले यार्ड समजा असे आहेत: १२, २८, ३४, ४१, ४७, ५२, ५८, ६६, ९१, १५१. बेरीज ५८०, सरासरी ५८. लाइन आहे ५३.५. सरासरी साडेचार यार्डांनी वर, तेव्हा ओव्हर म्हणजे घबाडच वाटतं. आता मोजा: ५३.५ च्या वर किती सामने गेले? चार. सहा वेळा अंडर लागला असता. एकट्या १५१ च्या सामन्याने सरासरी फुगवली, पण पैज जिंकण्याच्या दृष्टीने १५१ यार्ड आणि ५४ यार्ड यांची किंमत सारखीच. लाइन मध्यकाच्या आसपास बसते, म्हणजे अर्धे सामने वर आणि अर्धे खाली जातील अशा जागी. इथे मध्यक ४९.५ आहे, तेव्हा ५३.५ ची लाइन उलट थोडी चढीच म्हणायची.

क्रिकेटमध्ये हा फरक आणखी रुंद होतो. फलंदाज शून्यावरही जातो आणि शतकही करतो. बरेचसे डाव छोटे, थोडेच डाव मोठे. प्रत्येक धावेला बाद होण्याची शक्यता साधारण सारखी धरली तर ४० ची सरासरी असलेल्या फलंदाजाचा मध्यक २८ च्या जवळ येतो. त्यात फलंदाजीची सरासरी काढताना भागाकार बाद झालेल्या डावांनी होतो, खेळलेल्या डावांनी नाही. खाली येऊन १५ वर नाबाद राहणारा फिनिशर त्यामुळे कागदावर ४५ चा दिसतो आणि दहातल्या सात डावांत विशीही गाठत नाही. त्याची लाइन १६.५ पाहून बुकमेकर झोपला होता असं समजू नये.

किती वेळ खेळणार, हा पहिला प्रश्न

मग आपला अंदाज बांधायचा कसा? दोन आकड्यांचा गुणाकार: मैदानावर किती वेळ (किंवा किती संधी) मिळणार, आणि दर वेळेमागे तो किती करतो. बास्केटबॉलमध्ये मिनिटं, अमेरिकन फुटबॉलमध्ये स्नॅप (खेळलेल्या चाली) आणि टार्गेट (त्याच्याकडे फेकलेले पास), क्रिकेटमध्ये फलंदाजीचा क्रमांक आणि उरलेली षटकं, बेसबॉलच्या पिचरसाठी (चेंडू फेकणाऱ्यासाठी) तो किती फलंदाजांना सामोरा जाईल ते. लोक दुसऱ्या आकड्यावर तासन्‌तास घालवतात. निकाल मात्र बहुतेक वेळा पहिला आकडा ठरवतो.

फुटबॉलचं एक उदाहरण नीट सोडवून पाहू. एक फॉरवर्ड ९० मिनिटांमागे सरासरी २.१ शॉट मारतो. प्रॉप आहे १.५ शॉटच्या वर, म्हणजे किमान दोन. शॉटसारख्या मोजून येणाऱ्या, तुरळक घटनांसाठी प्वासाँ वितरण कामचलाऊ चालतं. कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये त्याचं सूत्र तयार असतं. पूर्ण ९० मिनिटं खेळला तर दोन किंवा जास्त शॉटची शक्यता ६२ टक्के येते. तोच खेळाडू साठाव्या मिनिटाला बाहेर काढला गेला तर अपेक्षित शॉट १.४ आणि शक्यता ४१ टक्के. समोरच्या बचावाचा दर्जा, मैदान, हवामान, मागच्या पाच सामन्यांचा फॉर्म हे सगळं मिळूनही इतका फरक सहसा पडत नाही. ७७ मिनिटांच्या आसपास धरलं तर अपेक्षित शॉट १.८ आणि शक्यता ५४ टक्क्यांच्या जरा खाली.

आता हाच अंदाज भावाशी लावा. ५३.७ टक्के शक्यता आणि भाव १.८० असेल तर ०.५३७ × १.८० = ०.९६७, म्हणजे दर १०० मागे तीन-साडेतीन जाणार. भाव १.९५ असेल तर १.०४७, दर १०० मागे पावणेपाच येणार. खेळाडू तोच, अंदाज तोच. एक पैज वाईट, दुसरी चांगली. म्हणून 'आज ओव्हर घे' असा सल्ला भावाशिवाय कोणी देत असेल तर त्याला काही अर्थ नसतो.

अंदाज किती हळवा असतो तेही लक्षात असू द्या. बेसबॉलच्या पिचरचे अपेक्षित स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) ५.८ धरले तर ५.५ च्या वर जाण्याची शक्यता ५२ टक्के, ५.४ धरले तर ४५ टक्के. तुमच्या मॉडेलमध्ये ०.४ स्ट्राइकआउटची चूक असणं अगदी सहज शक्य आहे, आणि तेवढ्यात सात टक्क्यांचा फरक पडला. १.९१ च्या भावाला परवडण्याची रेघ ५२.४ वर आहे. म्हणून अंदाज आणि रेघ यांत टक्का-दीड टक्क्याचंच अंतर असेल तर मी तरी ती पैज नसल्यातच जमा धरीन.

वेळेवरून आणखी एक मुद्दा निघतो. सामन्यात अनपेक्षित असं जे जे घडतं त्यातलं बहुतेक आकडा खाली ओढतं. दुखापत, फाउल ट्रबल (फाउल वाढल्याने बाहेर बसावं लागणं), लाल कार्ड, पाऊस, सामना एकतर्फी झाल्यावर मुख्य खेळाडूंना दिलेली विश्रांती. वर ढकलणारी ओव्हरटाइमसारखी कारणं थोडी. उलट पैसे लावणाऱ्यांचा ओढा ओव्हरकडे. खेळाडूने काही करू नये म्हणून तीन तास टीव्हीसमोर बसण्यात कोणाला मजा वाटणार? बुकमेकरला हा ओढा माहीत असल्याने लोकप्रिय खेळाडूंच्या लाइन किंचित वर ठेवल्या जातात. याचा अर्थ डोळे मिटून अंडर घ्यावा असा नाही, कारण वाटा तिथेही कापला जातोच. पण दोन्ही बाजू सारख्याच वाटत असतील तर अंडर आधी तपासणं शहाणपणाचं.

बातमीची वेळही यातच आली. एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये) न खेळणाऱ्यांची यादी सामन्याच्या ९० मिनिटं आधी येते, क्रिकेटमध्ये नाणेफेकीच्या वेळी अकरा जण कळतात, फुटबॉलमध्ये तासभर-सव्वातास आधी. मुख्य रिसीव्हर बाहेर बसला की त्याच्या वाट्याचे पास कोणाकडे जाणार, हा हिशेब आधीच करून ठेवलेला असेल तर उपयोग. यादी आल्यावर करायला बसलात तर लाइन तोवर हललेली असते.

जिथे फक्त 'हो'चाच भाव दिसतो

पहिला गोल कोण करेल, कधीही टचडाउन करेल का, संघाचा सर्वाधिक धावा करणारा कोण, या प्रॉपमध्ये 'नाही'ची बाजू बहुतेकदा विकायला ठेवलेलीच नसते. त्यामुळे बेरीज नजरेत येत नाही आणि वाटा निवांत वाढवता येतो. सर्वाधिक धावांच्या बाजारात अकरा जणांचे भाव समजा असे: ३.५, ४, ५, ६, ८, १२, २१, ३४, ५१, ६७, १०१. प्रत्येकाचा व्यस्तांक काढून बेरीज केली तर १२३ टक्के होतात. सगळ्यांवर त्या-त्या प्रमाणात पैसे लावले तर १२३ देऊन १०० परत येतील; जवळपास एकोणीस टक्के आत. शेवटच्या क्रमांकाच्या फलंदाजाचा १०१ चा भाव तर निव्वळ शोभेचा, खरी शक्यता त्याहून कितीतरी कमी.

इथेच डेड हीटचा नियमही येतो. तुमचा फलंदाज आणि दुसरा एक, दोघांच्या धावा सारख्या झाल्या तर पैज अर्धी होते. ४.५० च्या भावाने १०० लावले असतील तर ५० वर ४.५० मिळतात, म्हणजे २२५. उरलेले ५० हरलेले धरतात. ४५० येणार म्हणून बसलेल्याला हा नियम हमखास त्याच दिवशी कळतो.

सुपर बोलमधले 'होईल का' छापाचे प्रॉप हा याचाच चुलतभाऊ. सेफ्टी (चेंडू असलेल्या संघाला त्याच्याच शेवटच्या पट्ट्यात अडवून मिळणारे दोन गुण) होईल का? २०१२, २०१३ आणि २०१४ अशा सलग तीन सुपर बोलमध्ये सेफ्टी झाली, २०१४ मध्ये तर पहिल्याच स्नॅपला. लोकांच्या डोक्यात ते बसलं आणि 'हो'कडे पैसा वाहू लागला. ओव्हरटाइमचंही तसंच: पहिल्या अठ्ठावन्न सुपर बोलमध्ये तो दोनदाच झाला, २०१७ आणि २०२४ ला, तरी थोडे लावून भरपूर मिळवण्याच्या आशेने 'हो' खपतो. 'नाही'चा भाव दिसायला दळभद्री असतो, १.०८ वगैरे, पण खरी किंमत सहसा त्याच बाजूला जास्त असते. मात्र १०० जिंकायला तिथे १,२५० अडकवावे लागतात आणि एक फटका बारा-तेरा विजय खाऊन टाकतो.

एका चिठ्ठीत चार पैजा

एकाच सामन्यातले तीन-चार प्रॉप जोडून घेणं सध्या सगळ्यात जास्त खपतं, आणि बुकमेकर ते सगळ्यात पुढे मांडतात यातच काय ते समजा. स्वतंत्र घटना असत्या तर हिशेब सरळ आहे: प्रत्येक पैजेत साडेसहा टक्के कापले जात असतील तर चार जोडल्यावर ०.९३५ चा चौथा घात, ०.७६४. शंभरातले साडेतेवीस आधीच गेले.

एकाच सामन्यातल्या घटना स्वतंत्र नसतात हीच त्यातली रंगत. क्वार्टरबॅकचे यार्ड वाढले तर त्याच्या मुख्य रिसीव्हरचेही वाढलेले असण्याची शक्यता मोठी. दोन्ही ५० टक्क्यांच्या पैजा असतील तर एकत्र लागण्याची शक्यता २५ न राहता ३० च्या पुढे जाऊ शकते. बुकमेकरला हे माहीत असतं, त्यामुळे जोडीचा भाव तो दोन भावांच्या गुणाकारापेक्षा खाली आणतो, आणि किती खाली आणला ते सांगत नाही. तपासायची रीत अशी: दोन्ही पैजांचे सुटे भाव गुणा, जोडीचा दिसणारा भाव बाजूला लिहा, आणि किती कात्री लागली ते पाहा. १.८७ × १.८७ = ३.५० च्या जागी २.८० दिसत असेल तर दोन्ही एकत्र लागण्याची शक्यता ३५.७ टक्क्यांच्या वर आहे असं तुम्हाला ठामपणे म्हणता यायला हवं. उलट्या दिशेने जाणाऱ्या गोष्टी, म्हणजे एकाच संघाच्या दोन रनिंग बॅकचे (चेंडू घेऊन धावणाऱ्यांचे) ओव्हर, जोडून घेणारे तर आपणहून खड्ड्यात उडी मारतात.

नियमांचं पान

प्रॉपमधली भांडणं खेळावरून कमी आणि निकाल कसा धरला यावरून जास्त होतात. काही ठिकाणं ठरलेली आहेत.

खेळाडू मैदानात उतरलाच नाही तर पैज बहुतेक ठिकाणी रद्द होऊन पैसे परत मिळतात. पण तो उतरला, दुसऱ्याच मिनिटाला पाय मुरगळून बाहेर गेला, तर पैज कायम, ओव्हर हरला. काही बुकमेकर 'सुरुवातीच्या संघात असायला हवा' अशी अट घालतात, काही 'एक मिनिट खेळला तरी पुरे' म्हणतात. बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉलच्या पूर्ण सामन्याच्या प्रॉपमध्ये ओव्हरटाइम सहसा धरतात. फुटबॉलमध्ये ९० मिनिटं अधिक भरपाई वेळ एवढंच, जादा वेळ नाही. क्रिकेटमध्ये सुपर ओव्हरच्या धावा सहसा धरत नाहीत, आणि पावसाने षटकं कमी झाली तर कोणती पैज टिकते याची मर्यादा प्रत्येकाकडे वेगळी.

लाइन पूर्णांकात असेल तर बरोबर त्याच आकड्यावर पैसे परत. म्हणून ७ रिबाउंडची लाइन आणि ७.५ ची लाइन यांत मोठं अंतर असतं. सात हा त्या खेळाडूचा नेहमीचा आकडा असेल तर तो अर्धा रिबाउंड भावातल्या बऱ्याच शतांशांइतका महाग.

आकडा कोण आणि कसा मोजतो, हेही पाहून ठेवा. फुटबॉलमध्ये खांबाला लागून बाहेर गेलेला फटका 'शॉट' असतो, 'शॉट ऑन टार्गेट' नसतो. एनएफएलमध्ये सॅकमुळे (पास फेकण्याआधीच पाडल्यामुळे) गेलेले यार्ड क्वार्टरबॅकच्या वैयक्तिक पासिंगमधून वजा होत नाहीत. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये मात्र ते त्याच्या रशिंगमधून (चेंडू घेऊन धावलेल्या यार्डांतून) कापले जातात, म्हणून तिथल्या क्वार्टरबॅकची रशिंगची लाइन एनएफएलच्या डोळ्यांनी वाचली की घात होतो. एनएफएलचा स्वतःचा सापळा वेगळा. जिंकत असलेला क्वार्टरबॅक शेवटी वेळ संपवायला गुडघा टेकतो, ते रशिंग धरलं जातं आणि दर वेळी सहसा एक यार्ड वजा होतो. १२.५ च्या लाइनवर तुमचा माणूस १४ यार्डांवर आहे, संघ पुढे आहे, दोन मिनिटं उरलीत. दोनदा गुडघा टेकला, झाले १२. छोट्या रशिंग लाइनचा ओव्हर घेताना संघ जिंकण्याची शक्यता मोठी असेल तर हे दोन-तीन यार्ड आधीच वजा करावेत.

एका माणसाच्या हातातला निकाल

सामना हरवायला बऱ्याच जणांना फितवावं लागतं. प्रॉप एकटा माणूस फिरवू शकतो. २०१० च्या लॉर्ड्‌स कसोटीत ठरवून टाकलेले नो-बॉल सगळ्यांना आठवतात. त्यात सलमान बट, मोहम्मद आसिफ आणि मोहम्मद आमिर यांना शिक्षा झाली. २०१७ मध्ये एफए कपच्या सामन्यात सटन युनायटेडचा राखीव गोलकीपर वेन शॉ बाकाजवळ 'पाय' (pie, सारण भरून भाजलेला पदार्थ) खाताना कॅमेऱ्यात दिसला. तो खाईल यावर एका बुकमेकरने ८ ला १ भाव दिला होता. फुटबॉल असोसिएशनने त्याला दोन महिने बंदी आणि ३७५ पौंड दंड केला. हसण्यासारखं प्रकरण, पण यंत्रणा तीच.

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या जॉन्टे पोर्टरचं प्रकरण प्रॉपच्या मुळाशीच जातं. २० मार्च २०२४ च्या सामन्यात तो तीनेक मिनिटं खेळून आजारी असल्याचं सांगत बाहेर गेला. त्याच्या अंडरवर एकाने ८०,००० डॉलरची जोडपैज लावली होती, लागली असती तर ११ लाख डॉलर. त्याच्यासारख्या खेळाडूवर कोणी एवढी रक्कम लावतं हेच संशयास्पद होतं; पैज गोठवली गेली आणि एप्रिलमध्ये पोर्टरवर आजीवन बंदी आली. पुढच्या हंगामापासून दुय्यम, म्हणजे टू-वे आणि दहा दिवसांच्या करारावरच्या खेळाडूंचे अंडर विकणं थांबलं. बेसबॉलमध्ये नोव्हेंबर २०२५ पासून एकेका पिचवरच्या (फेकीवरच्या) पैजांना २०० डॉलरची कमाल मर्यादा घातली गेली आणि त्या जोडपैजेत घेणं बंद झालं. पैसे लावणाऱ्यासाठी याचा व्यवहारी अर्थ असा: अनोळखी, कमी पगाराच्या खेळाडूचा भाव बातमीशिवाय झपाट्याने हलत असेल तर समोर कोणाला तरी तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्या वाटेला जाऊ नये.

भाव शोधणं आणि हिशेब ठेवणं

एकाच खेळाडूची लाइन एकीकडे २२.५ आणि दुसरीकडे २३.५ असणं प्रॉपमध्ये रोजचं आहे, कारण इथे बाजार पातळ असतो आणि प्रत्येक जण आपलं मॉडेल चालवतो. तेव्हा जिथे परवानगी आहे तिथे तीन-चार ठिकाणचे भाव पाहून सर्वात चांगला घेणं, हे बहुतेक लोकांच्या खेळाच्या अभ्यासापेक्षा जास्त कमावून देतं. रक्कम ठरवताना केलीचं सूत्र वापरतात: एका रुपयामागचा अपेक्षित नफा भागिले (भाव वजा १). वरच्या १.९५ च्या उदाहरणात ते भांडवलाच्या जवळपास ५ टक्के सांगतं. पण ते सूत्र तुमचा अंदाज तंतोतंत बरोबर आहे असं धरून चालतं, आणि तसा तो नसतो. म्हणून त्याच्या पावपट, सव्वा टक्का, हीच वरची मर्यादा मानावी. हरलेलं भरून काढायला रक्कम दुप्पट करणाऱ्याला कुठलंच सूत्र वाचवत नाही.

प्रत्येक पैजेची नोंद ठेवताना निकालाबरोबर दोन गोष्टी लिहा: घेतलेला भाव आणि सामना सुरू होताना असलेला शेवटचा भाव. १.९५ ला घेतलेला ओव्हर १.८० ला बंद झाला तर तुम्ही बाजाराच्या आधी काहीतरी बरोबर पाहिलं, मग ती पैज हरली तरी. हे सातत्याने उलटं होत असेल तर जिंकलेल्या पैजांवर खूश होऊ नये. निकालांवरून स्वतःला जोखायला फार मोठा आकडा लागतो: शंभर पैजांमध्ये नुसत्या नशिबाने पाच टक्के इकडेतिकडे होणं अगदी सामान्य आहे. खरोखर ५५ टक्के जिंकणारा आणि ५२.४ वर जेमतेम तरंगणारा, यांच्यातला फरक निकालांत स्पष्ट दिसायला दीड हजारांच्या आसपास पैजा लागतात. तेवढ्या होईपर्यंत, तुम्ही खरंच ५५ वाले असाल, तर बहुतेक बुकमेकरनी तुमची प्रॉपवरची मर्यादा किरकोळ रकमेवर आणलेली असते. त्यांना शेवटचा भाव पाहून ते कितीतरी आधी कळतं.